बर्फाचे संत गेल्यावर

एर्व्हच्या पठारावर मे महिन्यात तीन संत येतात,
मामेर, पांक्रास, सर्व्हे,
अकरा, बारा, तेरा तारखेला,
आणि जाताना फुललेलं सगळं करपवून जातात.
बर्फाचे संत म्हणतात त्यांना.
नवस कुणी बोलत नाही,
फक्त रात्री उठून थर्मामीटर बघतात.

कूर-पांदू त्यांना ओळखून असायचं.
बाकीची झाडं एप्रिलच्या दोन उन्हांना भुलायची,
हे आपलं नुसत्या काटक्या घेऊन उभं.
शेजारची ओदिल दरवर्षी म्हणायची,
मेलं वाटतं तुमचं झाड.
संतांची पाठ वळली की मग कळ्या.

नावाचा अर्थ, आखूड लटकलेलं.
देठ इतका तोकडा की फळ फांदीच्या
कानाला लागल्यासारखं.
वाऱ्याने पडत नाही,
शिडीवर चढून अंगठ्याने उचकटावं लागतं.
चपटं, कुणी वर बसून उठल्यासारखं.
साल खरखरीत, गंजलेल्या कडीच्या रंगाची,
एका गालावर तेवढी लाली.
ऑक्टोबरात खाल्लं तर दात आंबतात.
माळ्यावर गवतात ठेवायचं, विसरायचं,
नाताळ जाऊ द्यायचा.
साल सुरकुतली की आत गोडी उतरते,
आंबटपणाला न हाकलता,
आणि गिळून झाल्यावर
मागून अक्रोड आल्यासारखा वाटतो.

घाईच्या माणसांचं फळ नव्हे हे.

त्र्याहत्तर साली सरकारला घाई होती.
उंच, जुनी झाडं तोडा,
झाडामागे रोख पैसे.
बाबांनी सही केली. गोठ्याचं छप्पर गळत होतं
आणि खाणारी तोंडं सात.
एकसष्ट बुंधे. मी खडूने आकडे टाकत गेले,
सात वर्षांची होते, आकडे सुरेख काढायचे.
मस्यू देलव्हो हिरव्या गाडीतून आले,
बुंधे मोजले, वही मिटली, कॉफी घेतली.
छप्पर झालं.
अजून गळत नाही.

बाबा त्यावर कधी बोलले नाहीत.
एवढंच, की दर शरदात कुंपण छाटताना
ओढ्याकडच्या कोपऱ्याला यंत्र लावू द्यायचे नाहीत.
तिथे घरटं आहे, म्हणायचे.
चाळीस वर्षं घरटं.
कसल्या पक्ष्याचं, ते आम्हीही
कधी विचारलं नाही.

त्यांना व्हर्व्हिएच्या वृद्धाश्रमात ठेवलं
त्या ऑक्टोबरात मीच यंत्र घेऊन गेले.
पातं कशाला तरी अडलं
आणि बुटापाशी एक चपटं फळ येऊन पडलं.
काट्यांत हात घातला.
रानसफरचंदाचं खोड, गुडघ्याएवढ्या उंचीवर
एक जाड गाठ,
गाठीत रुतलेला सायकलच्या ट्यूबचा तुकडा.
त्याच्यावर सगळं ते.
मे अखेरीस फुलत असणार, काटेरी झुडपांच्या
पांढऱ्या फुलांत आपली फुलं मिसळून.
देलव्होंच्या वहीत झाडं मोजायचा रकाना होता,
कुंपणाचा नव्हता.

एकोणीस फळं निघाली. गवतात ठेवली.
रोज वर जाऊन बघायचे,
म्हणजे विसरायचं काही मला जमलं नाही.
फेब्रुवारीत एक घेऊन गेले.
बाबा हल्ली मला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारतात.
पातळ फोड केली, जिभेवर ठेवली.
बराच वेळ चघळत राहिले, खिडकीकडे बघत.
मग म्हणाले,
अजून पंधरा दिवस ठेवायला हवं होतंस.

बिया बशीच्या कडेला सारल्या एकेक करून.
यातून ते येत नाही, म्हणाले, भलतंच काहीतरी उगवतं.
काडी लागते.

नर्स गोळ्या घेऊन आली, थांबली, गेली.
दार लागेपर्यंत ते गप्प होते.
मग माझी बाही ओढून,
अगदी हळू,
देलव्होला सांगू नकोस.

देलव्हो जाऊन तीस वर्षं झाली.
नाही सांगणार, म्हटलं.